ताईच्या नावाचा करंडक

ताई गेल्याची बातमी मला एकाच दिवशी दोनदा मिळाली. पहिली सकाळी. मस्कतच्या टोकाला माबेल्यात मी राहतो, तिथून ऑफिसला निघालो होतो, रोजच्यासारखा गाड्यांच्या रांगेत अडकलो होतो आणि भावोजींचा फोन आला. "विनायक, शैला उठत नाहीये रे," एवढंच म्हणाले. मी रुवीला त्यांच्या घरी पोहोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. दुसरी बातमी दुपारी आली, मस्कतमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. पणतीचं चित्र, कमळ, 'नाट्यवेड्या शैलाताईंना भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याच मेसेजमध्ये खाली, यंदापासून एकांकिका स्पर्धेच्या पहिल्या बक्षिसाला 'शैलाताई स्मृतिकरंडक' असं नाव देण्यात येत आहे, प्रायोजक कर्णिक परिवार. ताई तेव्हा आतल्या खोलीत होती. तिला अजून घराबाहेर नेलंही नव्हतं. मी तो मेसेज वाचला आणि माझं रडू जे थांबलं ते अजून नीट परत आलेलं नाही. त्याच्या जागी राग आला आणि तो मुक्कामाला आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. ताईबद्दल मी चांगलंच लिहिणार आहे. बाकीच्यांबद्दल मी तसं वचन कुणाला दिलेलं नाही.

शैलाताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. पुण्यात एम.ए.ला इतिहास घेतला तेव्हा तिच्या वर्गातले सगळे मराठेशाहीकडे वळले आणि हिने प्राचीन ग्रीस निवडलं. बाबांनी विचारलं, त्या लोकांचं आणि आपलं नातं काय? ती म्हणाली, काहीच नाही, म्हणून तर बरं आहे, नातेवाइकांबद्दल खरं लिहायची सोय कुठे असते? बाबा महिनाभर तिच्याशी कामापुरतं बोलत होते. लग्न करून ती भावोजींबरोबर मस्कतला आली, इथल्या एका भारतीय शाळेत सोशल स्टडीज शिकवू लागली, आणि पुढे माझी इथली नोकरीही तिनेच शोधली. भावोजी अबोल माणूस. ती बोलायची, ते ऐकायचे, आणि मी मधे मधे हुज्जत घालायचो, असा आमचा सुटीचा शुक्रवार जायचा. मत्रहला समुद्राकाठी चालताना ती जहाजांकडे बघत एकदम अथेन्समध्ये शिरायची. तिथे म्हणे बाहेरगावहून येऊन राहिलेले खूप लोक असायचे, व्यापारी, कारागीर, खलाशी. त्यांना मेटिक म्हणत. ते कर भरायचे, लढाईला जायचे, त्यांची मुलं तिथेच जन्मायची, नातवंडंही, पण त्यांना सभेत मत नसे आणि ते नागरिक होत नसत. "म्हणजे तू आणि मी," ती म्हणायची, अगदी हवापाण्याबद्दल बोलावं तसं. मग आवर्जून सांगायची की हिवाळ्यातल्या एका नाट्योत्सवात मात्र या मेटिकांनाही भाग घेता येत असे. आमची एकांकिका स्पर्धाही हिवाळ्यातच असते. ताईला या गोष्टीचा फार आनंद होता, का ते मला तेव्हा कळत नसे.

मी तिला टोचायचो. ज्या गावात बायकांना मत नव्हतं, गुलाम बाजारात विकले जात होते, त्या गावाचं तू काय कौतुक सांगतेस? यावर ती कधी चिडली नाही. उलट ही यादी ती माझ्याहून मोठी करून द्यायची. चांदीच्या खाणीत मरणारे गुलाम, घराच्या मागच्या खोल्यांत आयुष्य काढणाऱ्या बायका, दोस्त राष्ट्रांकडून उकळलेल्या खंडणीतून उभी राहिलेली देवळं... "मी कौतुक करत नाही विनू. त्यांना एक चांगली गोष्ट सुचली आणि ती त्यांनी निम्म्याहून कमी माणसांना दिली. आपल्याला तर ती सुचलेलीच नाही." ती गोष्ट म्हणजे चिठ्ठी. अथेन्समध्ये बहुतेक अधिकारी निवडून येत नसत. नावांच्या चिठ्ठ्या टाकत, ज्याचं नाव येईल तो वर्षभर काम करी. सेनापती तेवढे निवडायचे, कारण लढाईवर ज्याला लढता येतं त्यालाच पाठवावं लागतं. निवडणूक ही त्यांच्या मते बड्या घरांची सोय होती. ज्याचं नाव आधीच सगळ्यांना माहीत आहे तोच निवडून येणार, यात लोकांचं राज्य कुठे आलं, असा त्यांचा सवाल. मी म्हणायचो, मग उद्या एखादा गाढव निघाला तर? ती म्हणायची, निवडून आलेल्यांत तुला एकही भेटला नाही का?

एकदा आम्ही तिघं अथेन्सला गेलो होतो. तिच्या निवृत्तीची ट्रिप. सगळे प्रवासी त्या टेकडीवरच्या देवळाच्या रांगेत उभे होते आणि ही आम्हाला समोरच्या दुसऱ्या, उघड्या टेकडीवर घेऊन गेली. तिथे काही नाही. सपाट खडक, सुकलेलं गवत आणि खडकातच कोरलेलं पायऱ्यांचं एक व्यासपीठ. इथे नागरिकांची सभा भरे आणि कुणीही वर जाऊन बोलू शके. ताई बराच वेळ उन्हात उभी राहिली. मग म्हणाली, "मी बाई, तुम्ही दोघं परदेशी. तिघांनाही इथून हाकललं असतं." आणि भावोजींना म्हणाली, आता कोणी हाकलायला नाही, बोला काहीतरी. भावोजी लाजले. रुमालाने टक्कल पुसत म्हणाले, "मी काय बोलणार... तू बोल." ती हसली आणि तीही काही बोलली नाही. मला तेव्हा भूक लागली होती आणि मी घाई करत होतो.

आता मंडळाकडे येतो. आमच्या स्पर्धेचा खर्च कर्णिकसाहेब करतात. बांधकामाचा मोठा धंदा आहे, हात सैल आहे, ते कबूल. परीक्षकही तेच ठरवत, म्हणजे त्यांच्या ओळखीतले कुणी डॉक्टर, कुणी बँकेतले, ज्यांनी शाळेत असताना नाटकात काम केलं होतं. स्पर्धेत सौ. कर्णिकांचीही एकांकिका असे, ऐतिहासिक, मुंबईहून भाड्याने आणलेले कपडे, तलवारी, तुताऱ्या. पहिलं बक्षीस कुणाला मिळे हे सांगायची गरज नाही. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे समोशाच्या ब्रेकमध्ये त्यावर हसत. समोसे कर्णिकांचे असल्यामुळे हसणं तिथेच संपे. ताई स्पर्धेची प्रमुख झाली आणि पहिल्याच मीटिंगमध्ये तिने अथेन्स काढलं. तिथे श्रीमंत माणसावर नाटकाचा खर्च टाकत. नाटक जिंकलं तर त्याचं नाव दगडावर कोरत, पण परीक्षक नेमणं त्याच्या हातात नसे. शहराच्या दहा विभागांतून नावं घेत, दहा भांड्यांत ती मोहोरबंद करत आणि देवळाच्या टेकडीवर पहाऱ्यात ठेवत. प्रयोगाच्या दिवशी प्रत्येक भांड्यातून एक नाव निघे. ते दहा जण परीक्षक. ते आपापला निर्णय लिहून देत, आणि त्या दहांतले फक्त पाच काढत. त्या पाचांवर निकाल. भांड्याची मोहोर तोडणाऱ्याला मरणाची शिक्षा होती, हेही तिने सांगितलं, चिटणीसांकडे बघत. सगळे हसले. कर्णिकही हसले आणि करा की, म्हणाले. त्यांना ती एक गंमत वाटली असावी.

मग ताईने मस्कतचे दहा भाग पाडले. रुवी, हमरिया, मत्रह, वादी कबीर करत करत माबेल्यापर्यंत. निजवा गावच्या बाजारातून मातीची दहा बोळकी आणली, प्रत्येकात त्या भागातल्या सभासदांची नावं टाकली, तोंडाला फडकं बांधून लाखेची मोहोर लावली आणि सगळी देवघरात ठेवली, कारण पहारा ठेवायला आमच्याकडे टेकडी नव्हती. आठवडाभर भावोजी बोळक्यांवरून हात लांब करून देवांना फूल वाहत होते. प्रयोगाच्या दिवशी पहिलं नाव घुब्रा भागातलं निघालं. एक गृहस्थ बायकोमुलांसह धावत स्टेजवर आले आणि मिक्सर कुठे आहे म्हणून विचारू लागले. इथे भारतीयांच्या कुठल्याही कार्यक्रमात चिठ्ठी निघते ती लकी ड्रॉची, त्यांचीही काही चूक नव्हती. ताईने त्यांना कागद आणि पेन दिलं आणि सांगितलं की तुम्हाला निकाल द्यायचा आहे. ते खट्टू झाले. पण मग पहिल्या रांगेत जे बसले ते चारही नाटकं डोळ्याची पापणी न हलवता बघत बसले. दरवर्षी नाटक चालू असताना फोनवर बोलणारे लोक त्या वर्षी गप्प होते. दोन वर्षं हे असं सुरळीत चाललं. दोन्ही वर्षी सौ. कर्णिकच जिंकल्या आणि कुणालाही चिठ्ठीत काही खोट दिसली नाही, हे लक्षात ठेवा.

तिसऱ्या वर्षी हमरियाचा संघ आला. रत्नागिरीकडची मुसलमान मंडळी, कुणी गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात, कुणी मत्रहला कापडाच्या दुकानात. इक्बालभाई परकार त्यांचे पुढारी. ताईच्या घरी येऊन दाराशीच उभे राहिले आणि विचारलं, "ताई, आमच्या बोलीत केला तर चालेल काय?" ताई म्हणाली, न चालायला काय झालं. नाटक साधं होतं. गल्फमधला एक माणूस रजेवर गावी जातो. त्याच्याच पैशाने बांधलेल्या घरात सगळ्यांना खोली आहे आणि याचं अंथरूण बाहेर, पाहुण्यांच्या पलंगावर. जो येतो तो प्रेमाने विचारतो, जानार कधी? लोक आधी पोट धरून हसले. मग हसणं कमी कमी होत गेलं... माझ्या शेजारी एक सॉफ्टवेअरवाला बसला होता, तो चष्मा काढून पुसत होता. नंतर दहा निकालांतल्या पाच चिठ्ठ्या निघाल्या. तीन हमरियाला, दोन कर्णिकांना. इक्बालभाईंना करंडक उचलताना तो कुठून धरायचा ते कळेना.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग चिटणीसांनी, केवळ उत्सुकता म्हणून, पडद्यामागे जाऊन उरलेल्या पाच चिठ्ठ्या उघडल्या. त्यातल्या चार कर्णिकांच्या निघाल्या. म्हणजे दहांतली सहा मतं सौ. कर्णिकांना आणि बक्षीस हमरियाला. पार्किंगमध्ये जाईपर्यंत ही गोष्ट सगळ्यांना कळली होती. आठवड्याभरात तातडीची मीटिंग झाली. कर्णिक म्हणाले, "सहा जणांनी आम्हाला मत दिलं आणि आम्ही हरलो. शैलाताई, ही कुठली लोकशाही?" मुद्दा बिनतोड वाटत होता आणि सगळ्या माना हलल्या. ताई शांतपणे म्हणाली, "आपलं मत मोजणारच अशी ज्याची खात्री असते, कर्णिकसाहेब, त्याला कुणीतरी आधी जेवायला बोलावतं. ज्याला खात्री नाही त्याला कोण बोलावणार? तो बिचारा नुसतं नाटक बघतो. त्यासाठी त्या उरलेल्या पाच चिठ्ठ्या उघडायच्या नसतात." आणि असंही म्हणाली की हरलेल्याला त्रास होतो हे खरं आहे, पुढच्या वर्षी हीच चिठ्ठी तुमच्या बाजूने पडेल, तेव्हा हमरियावाले तक्रार करणार नाहीत. यावर कुणीतरी हळूच म्हणालं की त्या लोकांची भाषा तरी मराठी आहे का? हे वाक्य मी ऐकलं आणि उभा राहिलो. ताईने माझा शर्ट धरून मला खाली बसवलं. मतदान झालं, हात वर करून, कर्णिकांच्या समोर. ताईच्या बाजूने माझा आणि भावोजींचा हात. तिच्याच घरी वर्षानुवर्षं जेवलेली माणसं टेबलाकडे बघत बसली होती. मुंबईहून परीक्षक आणायचे ठरले, विमानाचं भाडं आणि हॉटेल कर्णिकांकडे. पुढच्या कार्यकारिणीत ताईचं नाव नव्हतं. पत्रकात लिहिलं होतं, प्रकृतीच्या कारणास्तव. तेव्हा ती रोज सकाळी मत्रह किल्ल्यापर्यंत चढून उतरायची. तिची प्रकृती मंडळातल्या कुणाहीपेक्षा ठणठणीत होती.

मला वाटलं, आता ही मंडळाचं नाव टाकेल. मी टाकलं होतं. पण ती दरवर्षी जात राहिली, भावोजींना घेऊन, मागच्या रांगेत बसून. सगळी नाटकं बघायची आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायची, सौ. कर्णिकांनाही. या एका गोष्टीसाठी मी तिच्यावर जितका चिडलो तितका कर्णिकांवरही चिडलो नसेन. मी म्हणालो, तुला लाज कशी वाटत नाही? म्हणाली, "अरे, नाटक करणाऱ्यांनी माझं काय वाईट केलंय?" हमरियावाले नंतर स्पर्धेत उतरले नाहीत. त्यांना कुणी नको म्हणालं नव्हतं. स्पर्धेच्या प्रवेश अर्जात फक्त एक ओळ वाढली होती, संहिता प्रमाण मराठीत असावी. इक्बालभाई अधूनमधून ताईकडे यायचे, ती त्यांना नवीन काहीतरी लिहा म्हणून मागे लागायची, ते इन्शाल्ला म्हणायचे. ते लिहिणं काही झालं नाही. ताई गेली त्या दिवशी ते सगळ्यांत आधी आले आणि सगळ्यांत शेवटी गेले. मंडळाच्या शोकसभेत मात्र त्यांना बोलायला कुणी सांगितलं नाही. बोलले ते कर्णिक, चिटणीस आणि ती सगळी टेबलाकडे बघणारी माणसं. ताई किती हौशी, किती हसतमुख, तिच्या हातच्या पुरणपोळ्या... ग्रीसचं नाव कुणीही काढलं नाही. तिच्या डोक्यात तीस-चाळीस वर्षं काय चाललं होतं याचा सभेत कुणालाच पत्ता नव्हता, आणि असेल तर तो त्यांनी गिळला.

आणि हा करंडक. तिच्या नावाने आणि कर्णिकांनी नेमलेल्या परीक्षकांच्या हाताने. मी कर्णिकांना भेटलो. म्हणालो, नाव हवं तर पद्धतही घ्या. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "विनायकराव, आम्ही त्यांचा मान राखतोय. पद्धतीचं काय घेऊन बसलात? जुनं झालं ते, खलास." मी भावोजींकडे गेलो, म्हणालो, तुम्ही तरी नाही म्हणा. त्यांनी आधीच होकार देऊन टाकला होता. करंडकही तेच देणार होते, स्टेजवर जाऊन. मी त्या माणसाला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, चहा टाकू का? मी दार आपटून निघून आलो.

स्पर्धेला मी गेलो ते भांडायच्या तयारीने. मुंबईहून आलेले परीक्षक सोफ्यावर, त्यांच्यासमोर काजू. ताईचा हार घातलेला फोटो स्टेजच्या कोपऱ्यात. नाटकं झाली. पहिल्या क्रमांकाला सौ. कर्णिकांचं नाव पुकारलं, त्या पदर सावरत उभ्या राहिल्या, आणि भावोजींच्या हातात करंडक देण्यात आला. पितळेचा, भला मोठा, खाली ताईच्या नावाची पट्टी. भावोजींनी तो घेतला आणि देईनात. माइककडे वळले. मी त्यांना आयुष्यात कधी माइकवर बोलताना पाहिलं नव्हतं. त्यांनी कर्णिकांना विचारलं, "परीक्षक कुणी नेमले?" आवाज नेहमीचा, दूधवाल्याला हिशेब विचारावा तसा. कर्णिक हसून म्हणाले, मंडळाने.

"मग हिचं नाव नको," ते म्हणाले.

आणि करंडक छातीशी धरून बाजूच्या पायऱ्यांनी उतरले. त्यांच्या चपलांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत येत होता. मागच्या दाराशी इक्बालभाई उभे होते, त्यांनी दार उघडून धरलं. मी धावत पार्किंगमध्ये पोहोचलो तर भावोजी माझ्या गाडीपाशी उभे, करंडक कडेवर घेतल्यासारखा. गाडीत बसले ते करंडक मांडीवर घेऊन. मी गाडी काढली आणि त्यांना रुवीला घरी घेऊन आलो.

कर्णिकांचा फोन आठवड्याने आला. मी तिथेच होतो. मंडळाची मालमत्ता आहे, प्रकरण वाढवू नका, आम्ही समजू शकतो तुमच्या मनःस्थितीत... बरंच काही चाललं होतं. भावोजींनी सगळं ऐकून घेतलं, जसे ते चाळीस वर्षं ऐकत आले.

"या ना घ्यायला," ते म्हणाले. "दहाही भागांतली नावं घेऊन या. चिठ्ठ्या मी काढतो."

फोन ठेवून ते आत गेले आणि चहा टाकला. या वेळी मी थांबलो. करंडक जेवणाच्या टेबलावर आहे, ताई बसायची त्या बाजूला, आणि जेवताना तो जरा मधे येतो. हलवावा असं आम्हा दोघांनाही वाटत नाही. न्यायला अजून कुणी आलेलं नाही.